धुराचा पावसाशी संबंध आहे: मराठवाड्याच्या आमदार-खासदारांना खुले पत्र

मराठवाड्यातून विधानसभेत गेलेले ४६ आमदार आणि लोकसभेत गेलेले ८ खासदार यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात मांजरेच्या काठावर राहते. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं भूगोल. घरची सहा एकर जमीन आहे. सोयाबीन, तूर, आणि विहिरीला पाणी राहिलं तर एकरभर ऊस. पाऊस हा माझ्यासाठी आधी पोटाचा विषय आहे, मग पुस्तकातला.

हे पत्र लिहायला कारण झाली ती एक ओळ. गेल्या वर्षी आमच्या ग्रामसभेनं एक ठराव केला. गावाच्या पश्चिमेला ओढ्यालगत वीटभट्ट्या लागतात. त्यांत कोळशाच्या भुकटीबरोबर जुने टायर, रबराची कात्रणं, प्लास्टिकची पोती जाळली जातात. ते थांबवावं आणि हवेतली काजळी मोजावी, एवढीच मागणी होती. मसुदा मी लिहिला होता. त्यात एक वाक्य असं होतं की ही काजळी गावापुरती राहत नाही, तिचा परिणाम लांबच्या मुलखातल्या पावसावरही होतो. चार महिन्यांनी एका कार्यालयाकडून उत्तर आलं: 'सदर धुराचा पर्जन्यमानाशी संबंध दिसून येत नसल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का. पाहणीला कोणीही आलं नव्हतं. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण ती ओळ टाइप करणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. पण ती ओळ खोटी आहे. दुष्काळी मुलखाच्या फायलीत पावसाबद्दल खोटी ओळ राहू देणं मला जमणार नाही.

म्हणून तुमच्याकडे आले आहे. कायदे आणि अंदाजपत्रक तुमच्या हातात आहे.

शाळेत मुलांना दाखवायला म्हणून मी पर्जन्यमापक बसवला होता. निवृत्त झाल्यावर तसाच एक घरच्या अंगणात बसवला. रोज सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. महसूल मंडळात एका दिवसात पाऊस ६५ मिलिमीटरच्या वर गेला की अतिवृष्टी, २१ दिवस कोरडे गेले की खंड. हे दोन आकडे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, कारण भरपाई आणि विमा त्यांवर अडतो.

दर वर्षी उन्हाळ्याअखेरचा पहिला वळीव झाला की नरसाळ्याच्या आत एक काळी कड उमटते. सुरुवातीला मला ती धूळ वाटायची. मग पांढऱ्या फडक्यानं पुसून पाहिलं. धूळ तांबूस असते, झटकली की निघून जाते. ही तेलकट असते, चोळली की पसरते. आमच्या घराच्या आढ्याला अशीच काजळी होती, आईच्या चुलीची. आईला शेवटची सहा वर्षं दम लागायचा. डॉक्टरांनी विचारलं, बिड्या ओढायच्या का? तिनं आयुष्यात बिडी हातात धरली नव्हती. चाळीस वर्षं चूल फुंकली होती.

काजळी म्हणजे अर्धवट जळलेला कार्बन. जिथे आग आहे पण आगीला पुरेशी हवा नाही, तिथे ती तयार होते: ओलं सरपण, उसाचं पेटवलेलं पाचट, जुन्या ट्रकचं डिझेल, दाटीवाटीनं रचलेली भट्टी, गुऱ्हाळाचं चुलवाण. हवेत ती फार काळ टिकत नाही. आठवडाभर, फार तर थोडं जास्त. मग पावसानं धुतली जाते किंवा खाली बसते. कार्बन डायऑक्साइडसारखी ती शेकडो वर्षं साचून राहत नाही. पण आठवडा म्हणजे किती, याचा हिशेब मी वर्गात मुलांकडून करून घ्यायचे. ताशी वीस किलोमीटरचा वारा सात दिवसांत ३,३६० किलोमीटर जातो. इथून दिल्ली सरळ रेषेत त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी आहे. तेव्हा ओढ्याकाठचा धूर ओढ्याकाठीच राहतो, असं कोणत्या आधारावर म्हणायचं?

१९९९ साली हिंदी महासागरावर एक मोठा प्रयोग झाला. इंडोएक्स हे त्याचं नाव. वीरभद्रन रामनाथन आणि नोबेल मिळालेले पॉल क्रुट्झेन हे त्याचे प्रमुख. मालदीवजवळ, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, जिथे एकही भट्टी नाही आणि एकही चूल नाही, तिथे त्यांना आकाशात सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी थर सापडला. जानेवारी ते मार्च या महिन्यांत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आपल्या उपखंडात जे जळलं होतं ते त्या वाऱ्यानं तिथे नेलं होतं. त्या थरानं समुद्रावर पडणारं ऊन कमी केलं होतं आणि तेच ऊन पिऊन स्वतः हवा तापवली होती.

आता ही तापलेली हवा पावसाचं काय करते, ते सांगते. मान्सून चालतो तो तापण्याच्या फरकावर. उन्हाळ्यात जमीन तापते, हवा वर जाते, समुद्रावरची वाफ घेऊन वारा आत येतो. काजळीचा थर मध्ये आला की जमिनीला आणि समुद्राला पोचणारं ऊन घटतं. समुद्रातून वाफ कमी उठते. उत्तरेकडच्या समुद्रावर थर दाट आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला विरळ, त्यामुळे दोन्हीकडच्या पाण्याच्या तापमानातला जो फरक मान्सूनला ओढून आणतो, तोही मंदावतो. दुसरं, हवा वरच्या थरात तापते आणि खाली तुलनेनं थंड राहते. ज्या बायकांनी चुलीवर डाळ शिजवली आहे त्यांना हे लगेच कळेल. आच खालून असेल तर पातेल्यातलं खालचं वर येतं. झाकणावर निखारे ठेवले तर वरचा थर तापतो आणि खालचं हलत नाही. ढग बनायला हवा खालून वर यावी लागते.

तिसरी गोष्ट ढगाच्या पोटात घडते. वाफेला थेंब व्हायला कण लागतो. कण माफक असतील तर थेंब मोठे होतात आणि पडतात. धुराचे कण फार झाले तर तेवढीच वाफ जास्त थेंबांत वाटली जाते, थेंब बारीक राहतात आणि पाऊस लांबतो. एका भाकरीच्या पिठाचे शंभर गोळे केले तर एकाचीही भाकरी होत नाही, तसं. आभाळ भरून येतं, काळंभोर होतं, आणि वाऱ्यावर निघून जातं. आमच्याकडे हे वाक्य म्हणायला कोणी शास्त्रज्ञ लागत नाही. पण शास्त्रज्ञांनी ते तपासलंही आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २००९ पासून विमानं ढगांत नेऊन थेंब आणि कण मोजले आहेत.

२००२ साली सुरबी मेनन, जेम्स हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चीनच्या दक्षिणेत पूर आणि उत्तरेत अवर्षण असा जो पावसाचा कल दिसत होता, त्याच्याशी चीन आणि भारतावरच्या काजळीचं गणित जुळतं. २००६ साली विल्यम लाऊ यांनी मांडलं की एप्रिल-मे मध्ये काजळी आणि वाळवंटी धूळ हिमालयाच्या दक्षिण उतारावर साचते, तिथली हवा तापवते आणि पाऊस वेळेआधी उत्तरेकडे ओढते. हे दुसरं मत सर्वांना मान्य नाही. २०११ साली बोलासिना, मिंग आणि रामस्वामी यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य आणि उत्तर भारतात पाऊस का घटला याचा शोध घेतला, आणि माणसानं हवेत सोडलेले सूक्ष्मकण हे त्याचं मुख्य कारण म्हणून पुढे आलं. २०२१ च्या आयपीसीसी, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालातही हेच आहे: तापमानवाढीमुळे मान्सूनचा पाऊस वाढायला हवा होता, तो या कणांनी त्या काळात दाबून धरला.

मी भूगोल शिकवलेली बाई आहे, म्हणून हेही सांगायलाच हवं. आमचा दुष्काळ काजळीनंच आणला, असं मी म्हणत नाही. आम्ही सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत, ते काजळीच्या आधीपासून. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा गेला, त्यामागे एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापणं, होतं. हिंदी महासागर तापतो आहे, आणि मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढल्या, हे पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा आणि सीना पात्र सोडून शिवारात शिरल्या तेव्हा माझ्या दोन एकरांतली माती वाहून गेली. ज्या माणसांना बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं काढावं लागलं, त्यांना मी फक्त काजळीची गोष्ट सांगणार नाही. ओढ्याकाठच्या सहा भट्ट्यांनी गावाचा पाऊस अडवला, असंही कोणी सिद्ध करू शकणार नाही. काजळीचा वाटा किती, यावर वाद आहे. वाटा आहे की नाही, यावर 'संबंध नाही' असं लिहायला आज कोणालाही जागा उरलेली नाही.

आणि 'लांबचा मुलूख' म्हणजे नेमका कोण, हे मराठवाड्यानं नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण दोन्ही बाजूंना उभे आहोत.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणात भाताचे खुंट पेटतात, हिवाळाभर गंगेच्या मैदानातल्या चुली, भट्ट्या आणि डिझेल धुमसतं. त्यातलं बरंच बंगालच्या उपसागराकडे जातं. आपल्याकडे भाद्रपदात, परतीच्या वेळी जो भरवशाचा पाऊस येतो, ज्यानं विहिरी भरतात आणि ज्वारी पेरली जाते, तो बहुतेक वेळा त्याच उपसागरात उठलेल्या कमी दाबाच्या पट्ट्यातून येतो. तेव्हा पाटण्याच्या आणि कानपूरच्या आकाशाबद्दल बोलण्याचा बीडच्या आणि हिंगोलीच्या खासदाराला पुरेपूर हक्क आहे.

दुसरी बाजू. आपला गळीत हंगाम चालतो साधारण नोव्हेंबर ते मार्च. पाचट पेटतं ते याच महिन्यांत. विटा भाजल्या जातात त्या याच महिन्यांत. आणि याच महिन्यांत वारा आपल्याकडून अरबी समुद्राकडे असतो. ज्या समुद्रावरून जूनमध्ये आपण पाऊस मागतो, त्याच समुद्रावर आपण आधी धूर पाठवतो. ती काजळी आठवड्यात खाली बसते, खरं आहे. पण त्या महिन्यांत समुद्राला न मिळालेलं ऊन त्याच्या उष्णतेच्या हिशेबातून वजा झालेलं असतं. आणि तो समुद्र एकट्या मराठवाड्याचा नाही. कोकण, केरळ, गुजरात, राजस्थान सगळे त्याच्याकडे डोळे लावून असतात.

१९७२ चा दुष्काळ मी लहान असताना पाहिला. वडील खडी फोडायला जायचे, आम्हाला सुकडी मिळायची, लाल मिलोच्या भाकरी गळ्याखाली उतरायच्या नाहीत. त्याच सत्तरच्या दशकात आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला, साहेलच्या पट्ट्यात, आपल्यापेक्षाही भयंकर दुष्काळ होता आणि तो वर्षानुवर्षं हटला नाही. तिथली गुरं मेली, माणसं मेली, आणि जगानं बराच काळ दोष तिथल्याच गुराख्यांना दिला, की यांनी चराई करून जमीन उजाड केली. पुढे कळलं की युरोप-अमेरिकेच्या कारखान्यांतून निघणाऱ्या धुराचाही त्यात हात असावा. तो धूर काजळीपेक्षा गंधकाचा जास्त होता. त्यानं उत्तर अटलांटिक समुद्र थंड केला आणि पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकला. त्या देशांनी हवेचे कायदे कडक केल्यावर साहेलचा पाऊस काही अंशी परतला. ही गोष्ट मी दर वर्षी नववीच्या वर्गाला सांगायचे. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, 'बाई, मग त्या लोकांनी कुणाकडं तक्रार करायची होती?' मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

आता माझ्या तक्रारी. त्या तुमच्या दारात ठेवते, कारण प्रत्येकीवर तुम्हाला काही करता येतं.

पहिली आणि सर्वांत मोठी: काजळी कोणी मोजतच नाही. हवेची राष्ट्रीय मानकं २००९ मध्ये ठरली. त्यांत १२ प्रदूषकांची नावं आहेत, काजळीचं नाव नाही. तिला 'पीएम २.५' मध्ये, म्हणजे हवेतल्या सगळ्या अतिबारीक कणांत, सामावून घेतलं जातं, म्हणजे रस्त्याची धूळ आणि चुलीची काजळी एकाच तराजूत. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला. त्यात महाराष्ट्रातली १९ शहरं आली, मराठवाड्यातली तीन: औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. या कार्यक्रमात यशाची मोजणी मुख्यतः जाड कणांवर झाली, त्यामुळे रस्ते झाडणं आणि पाणी मारणं याला जोर आला. ते वाईट नाही. पण मान्सूनला ढकलणारी काजळी झाडूनं गोळा होत नाही. आणि ती जिथे तयार होते ती आमची शिवारं, भट्ट्या आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, शहराच्या हद्दीबाहेर आहेत. आमच्या तालुक्यात पावसाची मोजणी मंडळवार होते. हवेची मोजणी करणारं एकही यंत्र नाही. मोजलंच नाही तर 'संबंध दिसून येत नाही' हे वाक्य नेहमीच लिहिता येईल.

दुसरी वीटभट्ट्यांची. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नियम काढला: भट्ट्या झिगझॅग (विटांमधून हवा नागमोडी फिरवणाऱ्या) किंवा उभ्या झोताच्या पद्धतीच्या करा, नाहीतर नळाच्या गॅसवर चालवा. प्रदूषित शहरांपासून १० किलोमीटरच्या आत एक वर्ष, इतरत्र दोन वर्षं मुदत. ती मुदत उलटून गेली. आमच्या ओढ्याकाठी आजही कुंभार आवा रचतात तशीच भट्टी रचली जाते. भट्टीवाल्यांशी मी बोलले आहे. त्यातले दोघे माझे विद्यार्थी आहेत. झिगझॅगनं कोळसा वाचतो हे त्यांना माहीत आहे. बांधायला लागणारं भांडवल कुठून आणायचं, हे कोणी सांगत नाही. नियम काढला आणि हात झटकले, याला अंमलबजावणी म्हणत नाहीत.

तिसरी पाचटाची. एका एकरात तीन-चार टन पाचट निघतं. ते रानात कुजवलं तर खत आहे, ओल धरून ठेवतं, आणि आमच्यासारख्या कोरड्या भागात तर ते सोनं आहे. तरी जाळतात, कारण खोडव्याची घाई असते आणि कुट्टीयंत्र वेळेवर मिळत नाही. मीही एका वर्षी जाळलं आहे. तो धूर दोन दिवस गावावर बसला होता आणि शेजारच्या म्हाताऱ्या काकांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यानंतर जाळलं नाही. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्लीच्या शेतकऱ्यांना २०१८ पासून केंद्राच्या खास योजनेतून खुंट-काडाच्या यंत्रांसाठी अनुदान मिळतं, कारण त्यांचा धूर राजधानीत शिरतो. आमचा धूर समुद्रावर जातो, म्हणून आम्हाला त्या जोराची योजना नाही, असंच मला दिसतं. कपाशीच्या पऱ्हाट्यांचंही तेच. बोंडअळीसाठी काढून टाका असं सांगतात आणि काढल्यावर काय करायचं ते शेतकऱ्यावर सोडतात. तो काडी लावतो.

चौथी तक्रार लिहिताना हात जड होतो. माझ्या जिल्ह्यातून दर दिवाळीला लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. माझ्या वर्गातली निम्मी बाकं त्या महिन्यांत रिकामी व्हायची. उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली, या बायकांच्या नावावर टाक्या आल्या, पुढे अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन टाक्या मोफत मिळू लागल्या. टाकी गावी, कुलपाच्या आत. बाई पाच-सहा महिने फडाच्या कडेला, कोपीत. तिथे पहाटे तीनला तीन दगडांची चूल पेटते, त्यात पाचट, काट्याकुट्या, कधी प्लास्टिक. कोपी इतकी बुटकी की धूर कमरेच्या वर सगळा भरून राहतो, आणि त्यात तान्हं मूल निजलेलं असतं. कागदावर हे घर धूरमुक्त आहे. मान्सूनची काजळी आणि या बाईच्या छातीतली काजळी एकाच चुलीतून निघते, आणि तुम्ही या चुलीपुढे पाच मिनिटं बसून पाहावं अशी माझी विनंती आहे. पाच किलोची छोटी टाकी बाजारात आहे. ती कारखान्याच्या गट कार्यालयात ठेवायला आणि गावच्या अनुदानाशी जोडायला कोणता मोठा शोध लागणार आहे?

पाचवी थोडक्यात. औष्णिक वीज केंद्रांच्या मोठ्या बॉयलरमध्ये कोळसा बराचसा पूर्ण जळतो, काजळी कमी निघते. पण गंधकाचा वायू निघतो, त्याचे कण होतात, ते काजळीवर बसतात आणि मग ती काजळी अधिक ऊन शोषते. हा गंधक अडवण्याचा नियम २०१५ च्या डिसेंबरात झाला. दोन वर्षांची मुदत वाढत वाढत गेली आणि २०२५ च्या जुलैत देशातल्या बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. परळीच्या औष्णिक केंद्राच्या मुलखातून निवडून आलेल्यांपैकी कोणी यावर सभागृहात बोललं असेल तर मला जरूर कळवावं, मी ते जाहीरपणे लिहीन.

आणि सहावी. पावसाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते पाऊस गेल्यावर. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा सगळे बोलत होते. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून कृत्रिम पावसाची विमानं उडाली तेव्हा सगळे वर बघत होते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या एका सभेत व्यासपीठावरून पुन्हा कृत्रिम पावसाचं आश्वासन दिलं गेलं. प्रयोगाला माझा विरोध नाही. पण ढगावर मीठ शिंपडायला पैसा निघतो आणि ढगात जाणारी काजळी मोजायला निघत नाही, हे मला मान्य नाही.

माझ्या मागण्या या आहेत.

१. 'धुराचा पर्जन्यमानाशी संबंध नाही' असं कारण देऊन कोणतीही तक्रार निकाली काढू नये, असा लेखी आदेश शासनानं काढावा. आमची तक्रार पुन्हा उघडावी आणि पाहणी करावी.

२. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत काजळी मोजणारं किमान एक यंत्र शहराबाहेर बसवावं. आकडे रोजच्या पावसाच्या आकड्यांसारखे खुले असावेत. हवेच्या मानकांत काजळीची वेगळी नोंद व्हावी, असा आग्रह आठ खासदारांनी संसदेत धरावा.

३. २०२२ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक तालुक्यात किती भट्ट्या बदलल्या आणि किती राहिल्या, याची यादी जाहीर करावी. बदलणाऱ्या छोट्या भट्टीवाल्याला कमी व्याजाचं कर्ज द्यावं. टायर आणि रबर जाळणं मात्र लगेच बंद करावं, त्यासाठी कोणत्याही मुदतीची गरज नाही.

४. पाचट आणि पऱ्हाट्यांसाठी कुट्टीयंत्रं गटागटानं, तोडणीच्या वेळापत्रकाशी जोडून द्यावीत. १९८१ च्या हवा कायद्यात शासनाला रानातला असा जाळ बंद करण्याचा अधिकार आहे. तो वापरण्याआधी यंत्र पोचलेलं असावं. यंत्र न देता दंड लावला तर मी शेतकऱ्याच्या बाजूनं उभी राहीन.

५. ऊसतोड आणि वीटभट्टी कामगारांच्या कोपीपर्यंत पाच किलोची टाकी, अनुदानासह, येत्या गळीत हंगामाआधी.

६. गंगेच्या मैदानातली काजळी आणि आपला पाऊस यावर, आणि आपली काजळी आणि अरबी समुद्र यावर, पुण्याच्या हवामान संस्थेकडून मराठवाड्यापुरता अभ्यास करून घ्यावा आणि तो मराठीत प्रसिद्ध करावा.

हे सगळं होईल का, असं मला गावात विचारतात. मी त्यांना २०२० चा एप्रिल आठवायला सांगते. टाळेबंदीत गाड्या आणि कारखाने थांबले आणि काही दिवसांत जालंधरच्या गच्च्यांवरून धौलाधारच्या बर्फाच्या रांगा दिसू लागल्या. अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या पाहिल्या. कार्बन डायऑक्साइड आज थांबवला तरी नातवंडांना फरक दिसेल. काजळी थांबवली तर याच विधानसभेच्या कार्यकाळात आकाश वेगळं दिसू शकतं. म्हणून मी हा विषय घेऊन तुमच्याकडे आले आहे आणि वाट पाहायची माझी तयारी थोडी आहे.

या वर्षीच्या पहिल्या वळवाचं पाणी मी दोन बाटल्यांत भरून ठेवलं आहे. एक पर्जन्यमापकातलं, एक पत्र्यावरून आलेलं. तळाशी काळा साका बसला आहे. पावसाळी अधिवेशनाला जाण्याआधी तुमच्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी येऊन बाटल्या पाहाव्यात, वाटल्यास एक सोबत न्यावी. सकाळी साडेआठला मी अंगणात असतेच. अधिवेशनात या सहा मागण्यांवर कोणी प्रश्न विचारला, कोणी विचारला नाही, याची नोंद मी पावसाच्या वहीतच, त्या त्या तारखेपुढे, करणार आहे.

आपली नम्र,
मांजराकाठची एक निवृत्त शिक्षिका आणि शेतकरी
जिल्हा बीड